आज्ञेवाचून हलणारे पाय

पालीची तुटलेली शेपटी वळवळताना पाहिली नाही असे मूल विरळाच. पाल भिंतीवरून निघून जाते आणि शेपटी जमिनीवर उड्या मारत राहते. वर्गात हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, त्या शेपटीत अजून जीव आहे का? तिला दुखत असेल का?" आपण बहुधा "ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे" असे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. काही घरांमध्ये हाच प्रश्न फार वेगळ्या रूपात समोर येतो, आणि तिथे अपुऱ्या उत्तराची किंमत मोठी असते.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात फाल्गुनाच्या दिवसांत एक माणूस चिंचा झोडपायला झाडावर चढला आणि फांदी मोडून खाली पडला. चौघांनी हातपाय धरून त्याला उचलले, बंडीत घातले, तिथून ऑटोने तालुक्याला आणि मग यवतमाळला नेले. जीव वाचला, पण छातीखालचे अंग गेले. पाय कापडाच्या बाहुलीसारखे लुळे पडले. महिना-दीड महिन्याने त्याला घरी आणले. पुढे एका पहाटे बायकोने त्याच्या अंगावरचे पांघरूण काढले, तेव्हा त्याचा उजवा पाय एकदम गुडघ्यात वाकून पोटाकडे ओढला गेला. घरात आनंद झाला. "पायात जीव आला!" आईने नवस फेडायची तयारी केली. कुणी मालिशवाल्याचे नाव सांगितले, कुणी दूरच्या वैद्याचे. बैलजोडी विकण्याची बोलणी सुरू झाली. दिवस गेले तसे लक्षात आले, की पाय हलतो खरा, पण त्याच्या मनाने हलत नाही. "हलव" म्हटले की हलत नाही, आणि खाटेवरून खुर्चीत बसवताना किंवा रात्री झोपेत मात्र ताडकन उडतो. मग बोलणे पालटते. "मुद्दाम करतो", "बाहेरचं काहीतरी आहे", "पाय बांधून ठेवा".

हा माणूस आम्ही उदाहरणासाठी कल्पिला आहे. पण ज्या घरात मज्जारज्जूला इजा झालेले माणूस आहे, त्या घराला यातले बरेच ओळखीचे वाटेल. अशा इजेनंतर वर्षभरात शंभरांतल्या साधारण ६५ ते ७८ जणांना स्नायूंचा ताठरपणा किंवा झटके जाणवतात, असे निरनिराळ्या पाहण्यांतून दिसले आहे. हे झटके म्हणजे बरे होण्याची खूण नव्हे, आणि भुताटकीही नव्हे. मग ते काय आहेत, ते का येतात आणि त्यांच्यासह कसे राहायचे, हे आपण या लेखात पाहू.

कणा वेगळा, मज्जारज्जू वेगळा

बोलताना आपण "कणा गेला", "मणका मोडला" असे सरसकट म्हणतो. पण कणा ही हाडांची माळ आहे. तिच्यात ३३ मणके असतात. या मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली उतरणारा, करंगळीएवढा जाड आणि प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असा मऊ दोर म्हणजे मज्जारज्जू. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या निघून हात, छाती, पोट, पाय, मूत्राशय अशा सगळ्या ठिकाणी जातात.

हा फरक समजायला एक जवळचे उदाहरण आहे. वणीकडून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातले वरोरा लागते. तिथल्या आनंदवनात बाबा आमटे (१९१४-२००८) यांना कण्याच्या दुखण्याने अनेक वर्षे ग्रासले होते. त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. अशा अवस्थेतही १९८५ मध्ये ते 'भारत जोडो' अभियान घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बाबांचे दुखणे मणक्यांचे होते. मेंदूपासून पायांपर्यंतची वाट चालू होती, म्हणून वेदना सोसत का होईना, ते चालू शकत होते. आपल्या उदाहरणातल्या माणसाचे नेमके उलटे झाले. त्याचा मोडलेला मणका काही महिन्यांत जुळून येईल, पण मज्जारज्जूतले तुटलेले लांब तंतू आपणहून पुन्हा जोडले जात नाहीत.

मज्जारज्जू म्हणजे केवळ तारांचा जुडगा, अशीही एक समजूत असते. तार तुटली की पुढचे सगळे बंद, असे मग आपण धरून चालतो. तसे असते तर तुटलेल्या जागेखालचे पाय कायम लुळेच राहिले असते. प्रत्यक्षात मज्जारज्जूत ठिकठिकाणी चेतापेशींचे गट असतात आणि काही निर्णय ते मेंदूला न विचारता स्वतःच घेतात. आपल्या जिल्ह्याचा कारभार मनात आणा. महत्त्वाचे हुकूम जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतात, पण रोजची कितीतरी कामे तहसीलच्या पातळीवरच उरकतात. पुराने रस्ता आणि फोन दोन्ही बंद पडले, तरी तहसील कचेरी बंद पडत नाही. फक्त वरून कोणी विचारणारे, आवरणारे उरत नाही. मज्जारज्जूच्या इजेनंतर नेमके हेच घडते.

पालीची शेपटी आता थोडी उलगडते. त्या शेपटीत मज्जारज्जूचा एक तुकडा असतो. मेंदूशी संबंध तुटल्यावरही तो काही वेळ स्नायूंना हलवत राहतो. पाल पळून जाते आणि शत्रूचे लक्ष शेपटीत गुंतते. शेपटीला दुखत असेल का, या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. दुखणे जाणवायला मेंदू लागतो, आणि तो पालीबरोबर गेलेला असतो.

वर्गात करून पाहा

एका विद्यार्थ्याला टेबलावर असे बसवा, की त्याचे पाय जमिनीला न टेकता मोकळे लोंबतील. गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली जी ताठ दोरीसारखी शीर लागते, ती खरे तर शीर नसून स्नायुबंध असतो. त्यावर तळहाताच्या कडेने हलकेच टिचकीसारखा फटका मारा. पाय पुढे उडेल. विद्यार्थ्याने पाय उडू द्यायचा नाही असे ठरवले, तरी बहुधा उडतोच.

झाले काय? फटक्याने मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला गेला. स्नायूच्या आत ताण मोजणारे चातीच्या आकाराचे बारीक ग्राहक असतात. त्यांनी "ताणले गेलो" असा संदेश मज्जारज्जूला दिला. तिथल्या चेतापेशीने त्याच स्नायूला "आकस" अशी आज्ञा पाठवली. या फेरीला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो. घंटा ऐकून जाणूनबुजून हात उचलायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. गुडघ्याच्या या झटक्याचे महत्त्व १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी एकाच वेळी, पण स्वतंत्रपणे मांडले. आजही डॉक्टर छोटी हातोडी घेऊन तीच तपासणी करतात.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. विद्यार्थ्याला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत आकड्यासारखी अडकवून जोराने बाहेर ओढायला सांगा. तो ओढत असतानाच पुन्हा गुडघ्याखाली फटका मारा. बहुतेकांचा पाय या वेळी जास्त जोराने उडतो. फटका तेवढाच असूनही उत्तर मोठे आले. यावरून एक मोलाची गोष्ट कळते. प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूत घडत असली, तरी ती किती जोराने घडावी यावर एरवी वरून सतत नियंत्रण असते. आपण चालतो, बसतो, उकिडवे होतो तेव्हा शेकडो स्नायू ताणले जातात. प्रत्येक ताणाला असे उत्तर मिळाले असते तर आपल्याला एक पाऊलही नीट टाकता आले नसते. मेंदूच्या बुडातून खाली उतरणारे तंतू मज्जारज्जूतल्या पेशींना सारखे "सबुरीने" असे बजावत असतात.

आणखी एक गोष्ट करून पाहता येते. कोपर वाकवून दंडाचा पुढचा स्नायू फुगवा आणि दुसऱ्या हाताने मागचा स्नायू चाचपा. पुढचा घट्ट होतो तेव्हा मागचा सैल पडलेला असतो. एका स्नायूला "आकस" म्हणताना त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला "सोड" म्हणायची व्यवस्था मज्जारज्जूतच आहे. इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी या व्यवस्थेचा बारकाईने अभ्यास केला. १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांना एडगर एड्रियन यांच्यासह मिळाले.

लगाम तुटल्यावर

मज्जारज्जूला मोठी इजा झाली की पहिले काही दिवस किंवा आठवडे इजेखालचा भाग अगदी गप्प होतो. गुडघ्याचा झटकाही येत नाही. वरून सतत येणारे संदेश एकाएकी बंद झाल्याने खालच्या चेतापेशी थिजल्यासारख्या होतात. हीच आपल्या उदाहरणातली कापडी बाहुलीसारखी अवस्था. मग हळूहळू त्या पेशी जाग्या होतात. पण आता त्यांना आवरणारे कोणी नसते. शिवाय त्या स्वतःही बदललेल्या असतात.

हा बदल कसा होतो, हे अलीकडे बरेच उलगडले आहे. चेतापेशीला शांत करणारा एक रासायनिक संदेश असतो. तो नीट लागू पडायला पेशीच्या आत क्लोराइडचे प्रमाण कमी असावे लागते, आणि ते कमी ठेवण्यासाठी पेशीच्या आवरणात पंपासारखे काम करणारे एक प्रथिन असते. इजेनंतर हे प्रथिन कमी होते, त्यामुळे शांत करणारा संदेश दुबळा पडतो, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. त्याच वर्षी कॅनडातील संशोधकांनी दुसरी बाजू पुढे आणली. मेंदूकडून येणारे सिरोटोनिन हे द्रव्य मिळेनासे झाले, की ते टिपणारे पेशीवरचे ग्राहक त्या द्रव्यावाचून आपोआप चालू राहू लागतात. म्हणजे लगाम तुटतो आणि घोडाही अधिक बुजरा होतो. साध्या स्पर्शाने पाय उडतो तो यामुळे.

हे झटके सगळे सारखे नसतात. कधी पाय वाकून पोटाशी येतो. कधी दोन्ही पाय काठीसारखे ताठ होऊन माणूस खुर्चीतून पुढे घसरतो. कधी पाऊल चवड्यावर टेकले की टाच सेकंदाला पाच-सात वेळा थरथरत राहते. काहींच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू आवळतात आणि पट्टा घट्ट बांधल्यासारखे वाटते. झटक्यांच्या मधल्या वेळातही स्नायू ताठ असू शकतात. रात्री आपल्या पोटरीत वांब येतो तो वेगळा. त्याचे मूळ पोटरीच्या स्नायूत आणि त्याच्याकडे जाणाऱ्या चेतेत असते. या झटक्यांचे मूळ मज्जारज्जूत असते.

मग काही जणांचे पाय कायम लुळेच का राहतात? मज्जारज्जू कण्याच्या तळापर्यंत जात नाही. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याखाली चेतांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका असतो. इजा त्या झुपक्याला झाली, तर मज्जारज्जू आणि स्नायू यांच्यामधली वाटच तुटते. तिथे प्रतिक्षिप्त क्रियाही राहत नाही, म्हणून झटकेही येत नाहीत. शेजारच्या गावातल्या रुग्णाशी तुलना करून "त्याचे हलतात, याचे का नाहीत" असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

पाय काय सांगतो आहे?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. मज्जारज्जू तुटलेल्या जागेखाली काय चालले आहे, हे त्या माणसाला जाणवत नाही. टाचेला काटा रुतला तरी कळत नाही, मूत्राशय भरले तरी कळत नाही. पण इजेखालच्या मज्जारज्जूला ते संदेश मिळतच असतात. तो ते वर पाठवू शकत नाही, म्हणून स्वतःच उत्तर देतो. ते उत्तर म्हणजे झटका.

म्हणून रोज येणारे झटके एकाएकी वाढले, तर पहिला प्रश्न "औषध वाढवायचे का?" हा नसावा. "खाली काय बिघडले आहे?" हा असावा. शोध घेण्याचा क्रम साधारण असा ठेवता येतो. मूत्राशय तुंबले आहे का? लघवीची नळी दुमडली किंवा अडकली आहे का? लघवी गढूळ आहे का, तिला उग्र वास येतो का, ताप आहे का? शौचाला किती दिवस झाले? मग कमरेचे माकडहाड, नितंब, टाचा, घोटे यांवरची त्वचा उजेडात नीट पाहावी. लाल डाग, फोड, ओल, जखम काहीही असू शकते. पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतले आहे का? कपड्याची शिवण, नाडी, बूट, खिशातली किल्ली कुठे दाबते आहे का? पाय कुठे सुजला, गरम लागला, तर आतले हाड मोडलेले असू शकते, किंवा शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी डॉक्टरांकडे लगेच जावे. थंडीनेही झटके वाढतात. पौष महिन्यात रात्री गारठ्याने वाढलेले झटके उबदार पांघरुणाने कमी होऊ शकतात.

ज्या पायाला बांधून ठेवायचे घरात घाटत होते, तो पाय कदाचित मांडीखालच्या जखमेची वर्दी देत असतो. दाबाने होणारी ही जखम वरून रुपयाएवढी दिसते आणि आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. तिचे विष रक्तात भिनले तर माणूस दगावतो. पाय बांधल्याने तर दोरीखालीच नवी जखम होते.

एक धोका वेगळा सांगायला हवा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्याही वर असेल, तर अशाच एखाद्या कारणाने रक्तदाब एकाएकी फार वाढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो, काही वेळा झटकेही वाढतात. त्या क्षणी माणसाला आडवे करू नये, ताठ बसवावे. घट्ट कपडे सैल करावेत, लघवीची नळी मोकळी करावी किंवा मूत्राशय रिकामे करावे, आणि न थांबता दवाखाना गाठावा. मेंदूत रक्तस्राव होण्याइतका हा प्रकार गंभीर असू शकतो.

सोबतीने राहणे

झटके पूर्ण बंद करणे हे नेहमीच इष्ट नसते, हे ऐकून नवल वाटेल. आकसत राहिल्याने पायांच्या स्नायूंचे मांस काही प्रमाणात टिकते आणि रक्त खेळते राहते. पाय ताठ होण्याची वेळ आणि रीत ओळखून काही जण खाटेवरून खुर्चीत जाताना किंवा आधाराने उभे राहताना तिचा उपयोग करून घेतात. झोप मोडत असेल, खुर्चीतून पडण्याची भीती असेल, त्वचा घासली जात असेल, सांधे आखडत असतील किंवा दुखत असेल, तेव्हा मात्र उपाय करायलाच हवा.

पहिला उपाय रोजचा आणि जवळजवळ बिनखर्चाचा आहे. पोटऱ्या, मांड्यांचे मागचे स्नायू आणि खुब्याचे सांधे रोज ताणून घ्यायचे. येथे वर्गातला प्रयोग आठवा. ताण मोजणारे ग्राहक वेगाला फार संवेदनक्षम असतात. पाय झटकन ओढला की स्नायू उलट आवळतो. सावकाश हलवून अर्धा-एक मिनिट तसाच धरून ठेवला, की बरेचदा सैल पडतो. म्हणून पाय उडाला तर त्याच्याशी झुंज घेऊ नये. हात ठेवून स्थिर धरावा, ओसरू द्यावा, मग पुढचे काम करावे. मानवत असेल तर दिवसातून काही वेळ पालथे झोपल्याने खुबे आणि गुडघे वाकलेल्या स्थितीत आखडत नाहीत. आधाराच्या चौकटीत किंवा कॅलिपर लावून उभे राहण्याचाही अनेकांना फायदा होतो. हे भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावे, कारण फार दिवस न वापरलेली हाडे ठिसूळ झालेली असतात आणि जोर लावल्यास मोडतात. खुर्चीत बसल्यावर पाऊल चवड्यावर टेकू न देता पूर्ण तळवा पायटेकणीवर राहील असे पाहिले, तर टाचेची थरथर कमी होते.

शेक आणि मालिश यांबाबत सावधगिरी हवी. ज्या कातडीला चटका कळत नाही तिला गरम विटेने किंवा पिशवीने शेकणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर वेगळीच अडचण येते. इजा वरच्या भागात असेल तर इजेखाली घाम नीट येत नाही. पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा असा माणूस आतून तापत जातो. त्याला सावली, ओले फडके आणि पाणी यांची गरज इतरांपेक्षा जास्त असते. उन्हात तापलेल्या फरशीवर किंवा खुर्चीच्या लोखंडावर त्याचा पाय टेकू देऊ नये. बसलेले असताना दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर अंग उचलणे किंवा बाजूला झुकणे, आणि झोपेत साधारण दोन तासांनी कूस बदलणे, हे जखमा टाळण्याचे जुने आणि खात्रीचे नियम आहेत.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. त्यातले सर्वांत परिचित म्हणजे बॅक्लोफेन. ते १९६२ मध्ये फेफऱ्यावरचे औषध म्हणून तयार झाले. तिथे ते फारसे उपयोगी पडले नाही, पण मज्जारज्जूतल्या चेतापेशींना शांत करण्याचा त्याचा गुण ध्यानात आला. टिझॅनिडीन, डायझेपाम ही इतर औषधे. त्यांनी झोप येते आणि अशक्तपणा जाणवतो, म्हणून मात्रा हळूहळू ठरवावी लागते. बॅक्लोफेन अचानक कधीही बंद करू नये. गोळ्या संपल्या, पुढच्या बाजाराच्या दिवशी आणू, असे केले तर झटके उसळतात, भास होतात, फेफरेही येऊ शकते. एखाददुसराच स्नायू त्रास देत असेल तर त्यात बोट्युलिनम हे द्रव्य टोचतात. त्याचा परिणाम काही महिने टिकतो. फार तीव्र त्रासात पोटाच्या कातडीखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. १९८४ पासून ही पद्धत ज्ञात आहे, पण ती महाग आहे आणि मोठ्या शहरांतच होते.

पाय परत येतील का?

हा प्रश्न प्रत्येक घर विचारते, आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. मज्जारज्जू नेहमीच पूर्ण तुटत नाही. काही तंतू वाचलेले असतील तर, विशेषतः पहिल्या वर्षात, शक्ती आणि संवेदना काही प्रमाणात परत येऊ शकतात. म्हणून हालचाल दिसली की तपासून पाहावे. डोळे मिटलेल्या माणसाला सांगावे, "उजवा अंगठा हलव. थांब. पुन्हा हलव." सांगितल्यावर हलतो आणि सांगितल्यावर थांबतो, असे पुन्हा पुन्हा घडले, तर ती मेंदूची आज्ञा असण्याची शक्यता आहे आणि डॉक्टरांना जरूर दाखवावे. पांघरूण काढल्यावर, स्पर्शाने, थंडीने किंवा मूत्राशय भरल्यावर हलतो, तो मज्जारज्जूचा स्वतःचा व्यवहार. त्यासाठी बैलजोडी विकू नये. ते पैसे चांगली चाकाची खुर्ची, योग्य गादी आणि सोयीचा संडास यांसाठी राखावेत. आयुष्य वाढते ते यांनी.

संशोधन थांबलेले नाही. गंमत अशी, की झटके ज्या पेशींमुळे येतात, त्यांचाच आता उपयोग केला जात आहे. इजेखालच्या मज्जारज्जूला बेताची विद्युत चेतना देऊन, मदतीच्या आधाराने काही जणांना पावले टाकता आली, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. २०२३ मध्ये त्यांनी एका रुग्णाच्या मेंदूतील संदेश उपकरणाने टिपून थेट त्याच्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचवले. ही साधने अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहेत. त्यांच्या नावाने गावोगाव कोणी इलाज विकत असेल तर सावध राहावे.

आणि पाय परत आले नाहीत, तरी माणूस उभा राहतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. एक गोळी कण्यात अडकली आणि पायांतले बळ गेले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे कमरेखालचे अंग सोळाव्या वर्षी लुळे पडले. १९८४ मध्ये त्यांनी अपंगांसाठी संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन शाळेच्या ग्रंथालयात असायला हवे.

शाळा काय करू शकते?

पहिली गोष्ट म्हणजे अपघाताच्या जागी. झाडावरून, बंडीवरून, विहिरीत किंवा रस्त्यावर पडलेल्या माणसाला मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर हातपाय धरून उचलू नये. मोडलेला मणका हलला की अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू पूर्ण चेचला जाऊ शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डोके दोन्ही बाजूंनी स्थिर धरून ठेवावे. हलवण्यावाचून गत्यंतर नसेल तर तीन-चार जणांनी डोके, धड आणि पाय एका रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका वळवावा तसे एकदम कुशीवर वळवावे, आणि खाली दाराची फळी सरकवावी. आठवी-नववीच्या मुलांकडून हा सराव सहज करून घेता येतो.

दुसरी गोष्ट शाळेच्या दाराशी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेत पोहोचणे आणि वावरणे सुकर करण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार, हे साधे गुणोत्तर गणिताच्या तासाला शिकवता येते आणि मग पटांगणात मोजूनही पाहता येते.

तिसरी गोष्ट वर्गातली. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाचा पाय एकदम उडाला तर बाकीची मुले हसतात किंवा घाबरतात. ज्यांनी गुडघ्यावर टिचकी मारून पाहिली आहे, ती तसे करणार नाहीत. कुणी एक उठून पाय स्थिर धरील, दुसरा विचारील, "पाय कुठे दाबला गेलाय का रे, बघू का?" आणि त्यांच्यातलाच कोणी घरी जाऊन आजीला सांगेल, की काकांचे पाय बांधू नका, आधी त्यांची पाठ आणि टाचा उजेडात नेऊन पाहा.